दुधी काचेची खिडकी

आमचे घर बौद्ध. अंगात येणे, करणी, उतारा – यातले काहीही आम्ही कधी दारात येऊ दिले नाही. कुणी असले सांगू लागले की मी मनातल्या मनात हसायची. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायची मला सवय नाही. तुमच्या पेपरातल्या सदरातले अनुभव वाचायची आणि म्हणायची, लोकांना वेळ असतो. आता माझ्याच वहीत लिहिते आहे... पाठवीन की नाही, ठाऊक नाही.

नागपुरात जरीपटक्याच्या मागच्या वस्तीत आमची दोन घरे आहेत, विटांची, बाहेरून प्लास्टर न केलेली. एकात आम्ही, दुसऱ्यात भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. मध्ये हातभर गल्ली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि माझ्या मोठ्या जावेची, विमलबाईंची, अगदी समोरासमोर. भाजी झाली की त्या सराट्याने, म्हणजे उलथन्याने, खिडकीच्या गजावर तीनदा वाजवायच्या आणि म्हणायच्या, "कुंदा, घे वं." वाटी इकडची तिकडे, तिकडची इकडे. बावीस वर्षे.

मग गल्लीतल्या सांडपाण्यावरून भाऊ-भाऊ भांडले. ह्यांनी सांगून टाकले, त्यांचा उंबरा ओलांडायचा नाही. दारातून जाणे संपले. खिडकी तेवढी राहिली.

या उन्हाळ्याआधी ह्यांनी सगळ्या खिडक्या बदलल्या. जुन्या लाकडी चौकटींना उधई लागली होती, ते खरेच होते. एसी घ्यायचा होता, म्हणून गरम हवा आत यायला नको, धूळ नको. बाकी खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकणाऱ्या. स्वयंपाकघराला मात्र न उघडणारी, दुधी काचेची. मिस्त्री म्हणाला, इथे एक तरी पल्ला उघडता ठेवा. हे म्हणाले, धुरासाठी वर पंखा आहे. जुनी चौकट काढल्यावर विटांचे काठ वाकडेतिकडे निघाले होते. त्या फटींत मिस्त्रीने नळीने पिवळा फोम मारला. तो फुगून बाहेर आला, वाळल्यावर त्याने तो पात्याने कापला आणि वरून सिलिकॉन ओढले. पावसाचे पाणी निघून जायला चौकटीत खाली भोके असतात, तीही ह्यांनी बुजवायला लावली. मी चहाचे कप घेऊन उभी होते.

त्यानंतर दोन महिने पलीकडून काही ऐकू आले नाही. कुकरची शिट्टीसुद्धा नाही.

मे महिन्यातली दुपार. हे जेवत होते, मी वाढत होते. तीन ठोके आले. गजावरचे, ओळखीचे. मग विमलबाईंचा आवाज, अगदी कानाजवळ – "कुंदा, ये वं."

मी म्हटले, "बाई बोलावून राहिल्या."

"तुहे कान वाजून राहिले काय?" हे म्हणाले. "सुई जाईन एवढी फट नाही ठेवली मी. आवाज येईन कुठून?"

मी खाली बसले. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, या वेळी ठोके नव्हते. "ये वं, कुंदा..." मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी भात मागितला. मी वाढला.

संध्याकाळी पुतणी कॉलेजातून आली, तिचे रडणे मात्र दारातून ऐकू आले. बाई ओट्याखाली पडलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, लकव्याचा झटका सकाळीच येऊन गेला असावा. दुपारी आणले असते तरी काही करता आले असते. त्यांची वाचा पहिल्याच झटक्यात गेली होती. मी विचारले, हाक मारता आली असेल का? ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारले. पुन्हा नाही. नवव्या दिवशी बाई गेल्या. त्या नऊ दिवसांत त्यांच्या तोंडून एक अक्षर निघाले नाही.

सराटा घासलेला, मांडणीवर होता. त्यांची खिडकीही उन्हामुळे आतून लावलेली होती.

नंतर मी पुतणीला तिकडे उभे करून जीव तोडून ओरडायला लावले. गजावर सराटा मारायला लावला. मी काचेला कान लावून उभी होते. काही नाही.

परवा ह्यांना पहिल्यांदा विचारले, "त्या दुपारी दुसऱ्या हाकेला तुमचा घास हातात काहून थांबला होता?"

"नव्हता थांबला," म्हणाले आणि उठले. ताटात अर्धी भाकर तशीच होती.

तो आवाज कुठून आला, मला अजून कळलेले नाही. कुणी समजावून सांगितले तरी पटेल की नाही, कोण जाणे. मी ऐकला होता आणि मी उठले नाही.

हे कामाला गेले की मी भाजीच्या चाकूने तो फोम कोरते. रोज थोडा. काल पलीकडचा उजेड दिसला. त्यातून गरम हवा येते, धूळ येते, पुतणी भाकरी थापते त्याचा आवाज येतो. काल मी वांग्याची भाजी केली, वाटी भरली आणि खिडकीपाशी नेली. भोक बोटाएवढे आहे. वाटी त्यातून जात नाही.