काठीवरची खाच
माळ्यावरून गळाची जुनी काठी काढली आणि तिच्यावरची खाच बोटाला लागली. नव्वद सालाच्या आसपास मीच पाडलेली. तेव्हा दर रविवारी आम्ही तीर्थपुरीजवळच्या तलावावर गळ टाकायचो, आणि काठीच्या बुडापासून खाचेपर्यंतच्या मापाहून आखूड मासा परत पाण्यात सोडायचा, हा नियमही माझाच. तिथं मेंढ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला एकदा मरळ लागली, जेमतेम बोटभर कमी. "नात आत्ताच तापातून उठली सायेब, तिच्यासाठी नेतो," तो म्हणाला. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना बराबर." त्यानं गळ अलगद काढला आणि शेवाळल्या पाण्यात मरळ सोडून दिली. पुढच्याच रविवारी आमचे दाजी आले. त्यांना लागलेली मरळ तर त्याहून आखूड. पण घरच्या जावयाला अडवायचं कसं? "टाका पिशवीत, दाजी," मीच म्हणालो. म्हातारा मागंच उभा होता. काठीकडं बघून म्हणाला, "मंग ही खाच माझ्यापुरतीच व्हती का, सायेब?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. नंतर तो त्या काठाला कधी दिसला नाही. नात कशी आहे, हेही मी त्याला विचारलं नव्हतं. दाजींची ती मरळ मात्र चवदार होती, हे मला अजून आठवतं, आणि त्याचीच चीड येते.