घट्ट बसणारं दार
शेजारच्या अंगणातून बार्बेक्यूचा धूर आला की मला सिंगापूरमधलं ते दुकान आठवतं. नवऱ्याच्या जहाजावर इंजिन रूमला आग लागली, तेव्हा ती विझवायला दारं बंद केली आणि एक सहकारी आतच राहिला. त्यानंतर नवरा पुन्हा जहाजावर गेला नाही. काही महिन्यांनी आम्ही त्या दुकानात अंगणासाठी स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, बघायला गेलो, बाजूला विस्तवाची वेगळी पेटी असलेला. हा मरीन इंजिनियर, त्यामुळे पत्र्याची जाडी, वेल्डिंग, सगळं हात फिरवून बघत होता. विक्रेता कौतुकाने म्हणाला, “दार एकदम घट्ट बसतं, सर. हवा बंद केली की आग लगेच विझते.” नवऱ्याचा हात कडीवरच थांबला. “आधी आत कोणी राहिलंय का, ते बघायचं असतं,” तो मराठीत पुटपुटला. स्मोकर न घेताच आम्ही परतलो. आत्ताही धूर येतोय, आणि नवरा घरातल्या एकेका खोलीत डोकावून येतोय.