विषाणू माझ्यात, ताट वेगळं

“अम्मा, सर्व्हायकल कॅन्सर आहे. एचपीव्ही विषाणूमुळे झालाय,” डॉक्टरीणबाई तमिळमध्ये म्हणाल्या. म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. माझ्या डोक्यात मात्र विषाणू एवढंच शिरलं. पाळी जाऊन कैक वर्षं झाली, तरी रक्त दिसलं, म्हणून तंजावरला बायोप्सी केली होती, म्हणजे तुकडा काढून तपासणी. त्यातून हे निघालं!

घरी मुलगी मीनाक्षी बाळंतीण. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलो, पण सोवळं-विटाळ काही सुटला नाही. कुणी सांगायच्या आतच मी ताट, पाण्याचा टंबलर, चटई वेगळी केली आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. नात रडली तरी उचलेना.

“आई, वेड लागलंय का तुला?”

“लागू दे. तू बाळाला घेऊन लांब राहा.”

पुढच्या खेपेला मीनाक्षी बाळाला घेऊन सोबत आली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेशी काढली. आतला डीएनए तुटला की पी-फिफ्टीथ्री नावाचं प्रोटीन पेशीची वाढ थांबवतं, दुरुस्ती करवतं, नाहीच जमलं तर पेशीला मरू देतं. विषाणूचं ई-सिक्स प्रोटीन त्यालाच नाहीसं करतं. मग तुटका डीएनए घेऊन पेशी वाढतच सुटते.

“आणि उपचाराला रेडिएशन देणार, त्यानं काय होतं?” मीनाक्षीनं विचारलं.

“डीएनए तुटतो.”

अय्यो! आधीच तुटलेलं, ते आणखी तोडायचं?

“निरोगी पेशी बऱ्याचशा सावरतात. कॅन्सरच्या पेशींना दुरुस्ती धड जमत नाही, म्हणून त्या मरतात.”

मी मान हलवली. कळलं होतं की नाही, देव जाणे.

तेवढ्यात मीनाक्षीला रडू फुटलं. “डॉक्टर, आई बाळाला हातसुद्धा लावत नाही हो!”

डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. “ताटानं, मांडीवर घेतल्यानं हा विषाणू पसरत नाही, अम्मा. कितीतरी जणांना त्याची लागण होते, बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप जातो. तुमच्यात राहिला. मशीनचं रेडिएशनही तुमच्या अंगातून बाळाला लागणार नाही.”

घरी आल्यावर सवयीनं आधी न्हाणीघराकडे वळले. मीनाक्षीनं वाटेतच नात माझ्या हातात कोंबली. पोरीनं लगेच माझं लुगडं भिजवलं. मी रडले, हसले, काय केलं आठवत नाही.

पुढे रेडिएशन झालं. थकवा, जुलाब, बाकावर ताटकळणं, सगळं झालं. आता तपासणीत काही दिसत नाही, डॉक्टरीणबाईंचे उपकार. ई-सिक्सचं गणित मला अजून उलगडलेलं नाही. तुम्हालाही नाही उलगडलं तर लाजू नका. फक्त ताट वेगळं मांडायच्या आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या नातीचं सुरुवातीचं रडणं मी भिंतीपलीकडून ऐकलं. ते दिवस मला आता कोण परत देणार?