काळ्या टोपीचे गोंडे

चिखलीत कोकिळाबाईंना आडनावाने ओळखणारी माणसं थोडीच. ‘गोंडेवाल्या बाई’ म्हटलं की बसस्टँडवरचा रिक्षावाला बरोबर त्यांच्या दारात आणून सोडतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांवर, गळ्यात आणि कपाळावर जे रंगीत सुताचे गोंडे झुलतात, ते त्या करतात. पायाच्या अंगठ्याला सूत अडकवायचं, ताणून धरायचं आणि बोटं चालवत राहायची. सासूने शिकवलेलं हे काम. नवरा गेल्यावर याच कामावर त्यांनी दीपकला इंजिनिअर केलं. बाईंची बोटं मऊ, पण जीभ तिखट. गिऱ्हाइकाने रंगात खोट काढली की त्याच्या हातातला गोंडा काढून घेतात आणि सरळ दुसऱ्या दुकानाची वाट दाखवतात.

अशा बाईला घाबरवलं ते सुनेने, आणि तेही तोंडातून एक शब्द न काढता.

सून मयुरी पुण्याची. दीपकला आणि तिला, दोघांनाही घरी बसून कंपनीचं काम करता येऊ लागलं, तेव्हा ती दोघं चिखलीला राहायला आली. वर्षभर राहून पाहू, दिवाळीला काय ते ठरवू, असं दीपकने आईला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याचं ते ‘ठरवू’ बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. ही पोरगी इथे रमली नाही तर दोघंही जातील आणि घर पुन्हा खायला उठेल, ही एकच धास्ती. म्हणून त्यांनी सुनेला अगदी तळहातावर ठेवलं. झाडलोट नाही, भाकरी नाही, आणि सुताला तर हातही लावू दिला नाही. एवढी शिकलेली पोरगी, तिला कशाला गोंडे वळायला बसवायचं?

मयुरीसोबत एक कॉफीचं मशीन आलं होतं. त्यात अंगठ्याएवढी रंगीत कॅप्सूल टाकायची, बटण दाबायचं, की कपात काळीभोर कॉफी. कॅप्सूल हा शब्द ऐकून बाईंनी पहिल्याच दिवशी दीपकला बाजूला घेतलं आणि सुनेला काय दुखणं आहे म्हणून विचारलं. तो हसून हसून बेजार झाला. पुढे त्यांनी ती कॉफी चाखूनही पाहिली, त्यात गुळाचा खडा टाकला तरी घशाखाली उतरेना. पण खरा जीव तुटायचा तो कॉफी झाल्यावर. एका कपाला एक कॅप्सूल, आणि मग ती चांगली ॲल्युमिनियमची वाटी बाद! ज्या घरात दोऱ्याचा तुकडाही फेकत नाहीत, त्या घरात हे रोज.

मयुरी मात्र त्या फेकत नव्हती. पुण्यात म्हणे कंपनी रिकाम्या कॅप्सूल परत घेते, त्या वितळवून पुन्हा वापरात आणते. इथे घेणारं कोणी नाही. भंगारवाल्याने एकदा हातात धरून पाहिल्या, आतला ओला चोथा बघितला आणि तोंड वाकडं करून निघून गेला. म्हणून ती एका मोठ्या पिशवीत त्या साठवायची आणि पिशवी भरली की पुण्याला घेऊन जायची. तोवर पिशवीला मुंग्या लागायच्या, पावसाळ्यात वासही सुटायचा. बाई नाक मुठीत धरून गप्प राहायच्या.

यंदा पोळा तोंडावर आला आणि बाईंचीच पंचाईत झाली. गोंड्याची गाठ झाकायला वर एक पत्र्याची टोपी लागते. त्या टोप्या करून देणाऱ्या म्हाताऱ्याने काम सोडलं होतं. तेवढ्यात मयुरीला ऑफिसच्या कामासाठी घाईत पुण्याला जावं लागलं आणि भरलेली पिशवी घरीच राहिली. बाईंनी त्यातली एक कॅप्सूल बोटावर उपडी घालून पाहिली. अगदी मापाची टोपी! सूत ओवायला मशीनने टोचलेली भोकंही आयतीच. बाईंना हर्ष झाला. चमच्याने त्यांनी वरचे पापुद्रे सोलले, चोथा कढीपत्त्याच्या मुळाशी टाकला आणि सगळ्या कॅप्सूल मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळत ठेवल्या.

इथेच घोटाळा झाला. नवं सूत रंगवण्याआधी सोड्याच्या पाण्यात उकळायचं, म्हणजे त्यावर रंग चांगला चढतो. बाईंच्या हाताला तीच सवय. पण ॲल्युमिनियम म्हणजे सूत नव्हे. पातेल्यात फस्‌कन फेस आला, आणि तो बसल्यावर बाई बघतात तर जांभळा, हिरवा, सोनेरी असे सगळे रंग उडालेले आणि साऱ्या वाट्या काळ्याठिक्कर. सुनेने जपून ठेवलेल्या वस्तूची आपण माती केली, आता ती जाणार, हेच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

मयुरी परत आली तेव्हा बाईंनी लपवाछपवी केली नाही. पातेलं तिच्यापुढे ठेवलं आणि जे घडलं ते सांगून टाकलं. मयुरीचे डोळे भरून आले.

“मी नवीन घेऊन देतो माय, पण मनात राग धरू नको,” त्या म्हणाल्या.

“आई, रागाचं काय त्यात. ती पिशवी भरली की पुण्याला जायला मला कारण मिळायचं, म्हणून साठवत होते,” मयुरी म्हणाली. मग पातेलं बाजूला सारून म्हणाली, “वर्ष होत आलं, तुम्ही मला एकही काम सांगितलं नाही. पाहुणीला सांगत नाहीत, तसं. टोप्या हव्या होत्या तर मागायच्या ना माझ्याकडे.”

बाईंना ते फार लागलं. तळहातावर ठेवलेलं माणूस जमिनीवर पाय कुठे टेकणार, हे आजवर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी लाल सुताची लड उचलली, सुनेपुढे टाकली आणि “पायाचा अंगठा पुढे करून बस,” म्हणाल्या.

मयुरीचा पहिला गोंडा उंदराने कुरतडल्यासारखा झाला. बाईंनी तो बिनदिक्कत उसवला, वर चार शब्द सुनावले. मयुरी खुदकन हसली. सासूने तिला बोल लावण्याची ती पहिलीच वेळ होती.

पोळ्याच्या आदल्या बाजाराला कय्यूमभाई आले. अमडापूरच्या बाजारात बैलांचा साज विकणारे हे जुने व्यापारी. बाईंनी त्यांच्यापुढे रंगीत टोप्यांचे गोंडे मांडले. हे नंतरच्या कॅप्सूलचे, मयुरीने नुसत्या कोमट पाण्यात धुतलेले. काळ्या टोप्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचेही गोंडे केले होते, पण ते मागे पोत्याखाली सरकवलेले होते. कय्यूमभाईंची नजर नेमकी तिथेच गेली.

“हे काऊन लपवून राह्यल्या, भाभी? मले हेच पाह्यजेत,” ते म्हणाले. “पांढऱ्या गोऱ्ह्याच्या शिंगाले काळं असलं की नजर लागत नाही. लोकं काळा दोरा बांधतात, हे तर त्याहून झ्याक.”

होते नव्हते ते सगळे काळे गोंडे त्यांनी झोळ्यात भरले. पुढच्या वर्षी पाहिजे तेवढे करा, मी घेतो, असं सांगून ते गेले. बाई गालातल्या गालात हसल्या, पण लगेच हिशेब मांडत बसल्या. घरातल्या दोन माणसांनी कॉफी पिऊन पिऊन प्यायची तरी किती? एवढ्या कॅप्सूल आणायच्या कुठून?

मयुरीने फोन उचलला. पुण्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला म्हणाली, तुमच्या सगळ्यांच्या रिकाम्या कॅप्सूल फेकू नका, नुसत्या विसळून, वाळवून मला पाठवत जा. पोळा झाला तरी पाठवा, वर्षभर लागणार आहेत. पलीकडून बहुतेक पत्ता विचारला गेला.

“लिहून घे,” मयुरी म्हणाली, “माझ्या घरचाच पत्ता, चिखली.”

कोकिळाबाईंच्या हातातलं सूत सैल पडलं. दिवाळी अजून लांब होती आणि दीपकने ठरवलेलं काही कानावर आलं नव्हतं. तरी त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांनी डोळे पुसले, सूत पुन्हा ताणून धरलं आणि फोन झाल्यावर लगेच कामाला बस म्हणून सुनेला दटावलं.