दुसरा दोर

आमच्या सांगवीच्या सोसायटीतली झाडं छाटायला तो दरवर्षी यायचा. चढण्याआधी दोराला लोंबकळून बघायचा आणि कमरेला नेहमी दोन दोर बांधायचा. मी एकदा हसलो, तर म्हणाला, "करवत आंधळी असती, सायेब. एक दोर तिनं कापला तरी दुसरा हाय."

गेल्या वर्षी गुलमोहराखाली माझी गाडी होती. घरूनच मीटिंग चालू होती, खाली जायचा कंटाळा आला. गॅलरीतूनच ओरडलो, "फांदी बांधून कापा, गाडीवर पडेल!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, कमरेचा एक दोर सोडला आणि फांदीला बांधला. मला ते दिसलं. मी आत गेलो.

करवत घसरली, उरलेला दोर कापला गेला. कंबर मोडली, तो आता चढत नाही.

फांदी मात्र दोराला अलगद लटकून राहिली होती. गाडीवर साधा ओरखडाही नव्हता.