हिंगाच्या वासाची चार पानं
हिंगाची डबी उघडली की मला आजही एक वकील आठवतो, तोही कादंबरीतला. लढाईच्या दिवसांत रिसोडला तंबूचा सिनेमा आला होता, आणि तो ज्या कादंबरीवरून काढला होता ती घरात मी एकट्यानेच वाचली होती. तिच्यातला गुप्तहेर आधी मुस्काटात मारायचा आणि मग प्रश्न विचारायचा. पुस्तकाची शेवटची चार पानं फाटलेली होती, त्याबद्दल माझा संशय वाचनालयाच्या शिपायावर होता. पण शेवट वाचला नाही हे कबूल कोण करतो? खुनी वकीलच असणार, असं ठरवून मी घरभर सांगून टाकलं. तंबूत रॉकेलच्या वासात बसून पडद्यावरच्या प्रत्येकावर नजर ठेवली, आणि शेवटी बेड्या पडल्या त्या डॉक्टरला! दुसऱ्या दिवशी जेवताना मी निकाल दिला, "सिनेमावाल्यानं कादंबरी नासवली. पुस्तकात वकीलच खुनी हाय." वहिनीने भाकरी थापता थापता विचारलं, "काहून भाऊजी, तुमी सोता वाचलं?" "म्हंजे काय, दोनदा!" तिने हात धुतले, हिंगाच्या डबीतून घडी केलेली चार पानं काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. "मंग हे बी वाचा. डॉक्टरच हाय. दरवेळी माह्याआधी वाचून खुनी सांगून देता, म्हून या खेपेला शेवट म्याच काढून ठेवला." भावाला हसताना ठसका लागला. मी साऱ्या जगावर संशय घेतला होता, फक्त भाकरी वाढणारीवर नाही. आता बायकोने पुस्तक हातात दिलं, की मी आधी शेवटची पानं मोजतो आणि मग हळूच वास घेतो.