मासेवाले डॉक्टर

मेलेल्या जनावराला हात लावण्याआधी डॉक्टर त्याच्याजवळ उकिडवे बसत आणि बराच वेळ नुसते पाहत. मी जनावरांच्या दवाखान्यात त्यांचा शिपाई होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना सुरी चालवायची हिंमत होत नसावी. "पोट फाडाले पाच मिनिटं लागते," ते म्हणाले. "बाहेरून पाहाले अर्धा घंटा पाहिजे."

ते मूळचे देवरीकडचे, पण नोकरीची बरीच वर्षं कोकणात गेली. तिथे किनाऱ्याला लागलेले डॉल्फिन कशाने मेले, हे शोधायचं काम त्यांच्याकडे येई. बदली होऊन ते इटियाडोह धरणाजवळच्या आमच्या दवाखान्यात आले आणि गावाने नाव पाडलं, मासेवाले डॉक्टर. ते नाव त्यांना सोसत नसे. "मासा नाई तो. आपल्यासारखाच श्वास घेते. पाण्यात राहते आन् पाण्यातच बुडून मरते." आमच्याकडे डॉल्फिन कोणी पाहिला होता? बायका शेळ्या धरून ऐकून घेत आणि जंताचं औषध मागत.

दोन वर्षांपूर्वी धानकापणीच्या दिवसांत धरणाच्या काठावर तीन पाणमांजरं मेलेली सापडली. संशय माझ्या मामावर गेला. मामा धरणात मासेमारी करायचा. पाणमांजरं जाळी फाडतात म्हणून चहाच्या टपरीवर तो चारचौघांत बोलून गेला होता, "एक दिवस विषच टाकतो." वनखात्याची माणसं त्याला घेऊन गेली आणि जनावरं आमच्याकडे आली.

डॉक्टर तिघांजवळही बसले. मानेवरची ओली लव उलटी फिरवून त्यांनी मला कातडीवरची बारीक रेघ दाखवली. मग सुरी घेतली. श्वासनळीत फेस होता. फुप्फुसं भिजल्या कापडासारखी जड झाली होती.

"विष दिसत नाई. तरी नमुने लॅबले पाठवू. जाळ्यात अडकले, वर येता नाई आलं, बुडाले."

मला हायसं वाटलं, पण घडीभरच. जाळं मामाचंच होतं. सकाळी त्यानेच ती पाणमांजरं जाळ्यातून कापून काढली होती आणि भीतीने काठावर टाकून दिली होती, हे मला ठाऊक होतं.

"विष नाई, एवढंच लिवा साहेब," मी म्हणालो. "मामा हाय माहा."

त्यांचं लिहिणं थांबलं नाही. "अर्धं कारण लिवता येत नाई रे. अर्ध्या कारणात दुसऱ्या कोनाचा मामा फसते."

मामा सुटला, पण जाळं जप्त झालं, नोटीस आली. मामी माझ्याशी बोलेनाशी झाली. डॉक्टर मात्र दर रविवारी मोटारसायकलने मामाकडे जात. जाळं कुठं लावतोस, किती वाजता लावतोस, विचारत. मामा तोंड उघडत नसे. ते चहा न घेता परतत आणि पुढच्या रविवारी पुन्हा जात. चौथ्या की पाचव्या खेपेला मामाने जागा सांगितली. तिथल्याच काठाला पाणमांजरांची बिळं होती. "तेवढी जागा सोड," डॉक्टर म्हणाले. नवं जाळं आल्यावर मामाने ती सोडली.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी जेवून आलो, तर डॉक्टर खुर्चीत मान टाकून बसलेले. हात लावला तेव्हा कळलं. मुलगा नागपूरहून आला. तपासणी करायची का, कोणीतरी विचारलं. "कशाला फाडाफाडी? अटॅकच असेल," तो म्हणाला. मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही. काही वाटतही नव्हतं. संध्याकाळी दवाखाना झाडला, सुऱ्या उकळून ठेवल्या, कुलूप लावलं.

महिनाभराने लॅबचा कागद आला, त्यांच्याच नावाने. पाणमांजरांच्या एकाही नमुन्यात विष नव्हतं. तो घेऊन मी मामाकडे गेलो. मामा अंगणात जाळं विणत होता. मी वाचून दाखवलं, त्याने ऐकून घेतलं.

"आन् डाक्टर कायनं गेला?"

"मालूम नाई. कोनी पाह्यलं नाई."

मामाने हातातली सुई खाली ठेवली.

"तू तं होता ना तिथं?"

"होतो," मी म्हणालो.